शेवटच्या नळापासून विहिरीपर्यंत : लहान गावाने आपले पाणी कसे तपासावे

माणदेशाच्या किंवा मराठवाड्याच्या मानाने कोल्हापूर जिल्हा पाण्याच्या बाबतीत सुखी आहे. राधानगरी आणि काळम्मावाडीची धरणे, पंचगंगेला मिळणाऱ्या कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या आणि त्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे यांमुळे पाणी किती, हा प्रश्न बहुतेक गावांनी मागे टाकला आहे. पाणी कसे, हा प्रश्न मात्र गॅस्ट्रोची किंवा काविळीची साथ आल्याखेरीज ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर येत नाही. २०१२ साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली, ती नळाला पाणी येत नव्हते म्हणून नव्हे.

हा लेख हजार ते तीन हजार वस्तीच्या गावासाठी आहे, म्हणजे जिथे स्वतःची विहीर किंवा नदीकाठचे जॅकवेल (नदीचे पाणी उपसण्याची विहीर), एक उंच टाकी, चार-सहा व्हॉल्व्ह आणि पाणी सोडणारा एक वॉलमन, एवढाच पाणीपुरवठा असतो. पाण्याच्या तपासणीची चर्चा सहसा उगमापासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच थांबते. प्रयोगशाळेकडे जाणारा नमुनाही सोयीखातर टाकीखालून किंवा ग्रामपंचायतीच्या नळावरून भरला जातो, आणि नेमके तिथेच गावातले सर्वांत चांगले पाणी असते. म्हणून येथे क्रम उलटा ठेवला आहे. गावाच्या शेवटच्या घरातल्या नळापासून सुरुवात करून टाकीकडे आणि तिथून विहिरीकडे जायचे आहे. शेवटच्या नळाला पाणी शुद्ध असेल तर मागची सगळी व्यवस्था ठीक चालली आहे असे धरता येते. टाकीतले पाणी शुद्ध असले म्हणून शेवटच्या नळाबद्दल काहीच सांगता येत नाही.

पहिले काम : नकाशा

गावाची नळयोजना कागदावर असते ती अंदाजपत्रकातली. प्रत्यक्षात जमिनीखाली काय आहे, ते वॉलमनला ठाऊक असते, आणि तो निवृत्त झाला की ती माहिती त्याच्याबरोबर जाते. त्यामुळे त्याला सोबत घेऊन एक दिवस गाव पायी फिरावे आणि मोठ्या कागदावर पुढील गोष्टी उतरवाव्यात : टाकी, प्रत्येक व्हॉल्व्हचे चेंबर, कोणत्या व्हॉल्व्हवर कोणती गल्ली आहे, जलवाहिनी कोठे गटाराखालून किंवा गटारातून जाते, शाळा आणि अंगणवाडीची जोडणी कोठून आहे, आणि प्रत्येक फाटा कोणत्या घरापाशी संपतो. जुन्या योजनेच्या बंद केलेल्या वाहिन्याही दाखवाव्यात. नवी योजना झाली तरी जुनी वाहिनी एखाद्या ठिकाणी जोडलेली राहते, आणि तिच्या उघड्या तोंडातून काय आत येते याचा कोणालाच पत्ता नसतो.

व्हॉल्व्हच्या चेंबरचे झाकण प्रत्येक ठिकाणी उघडून पाहिलेच पाहिजे. पावसाळ्यात बहुतेक चेंबर गढूळ पाण्याने भरलेले सापडतात. व्हॉल्व्हच्या दांड्याभोवतीचे पॅकिंग सैल झाले असेल, तर पाणी सुरू असताना तिथून कारंजे उडते, आणि पाणी बंद झाले की चेंबरमधला चिखल त्याच वाटेने वाहिनीत ओढला जातो. गळतीकडे पाणी वाया जाते म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. प्रत्यक्षात जिथून पाणी बाहेर जाते तिथूनच घाण आत येते.

नकाशा झाल्यावर त्यावर पाच ठिकाणे लाल खुणेने ठरवावीत : टाकीखालचा पहिला नळ, गावाच्या मध्यावरचा एक, शाळा किंवा अंगणवाडी, आणि सर्वांत लांबच्या दोन फाट्यांची शेवटची घरे. यापुढची रोजची तपासणी याच ठिकाणी करायची आहे. ठिकाणे बदलत राहिल्यास कालचा आकडा आणि आजचा आकडा यांची तुलना होत नाही.

रोजची ओटी चाचणी

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० लागू आहे. त्यानुसार ग्राहकाच्या नळाला पोचलेल्या पाण्यात मुक्त शिल्लक क्लोरीन दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तेव्हा ते किमान ०.५ असावे. शिल्लक हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पाण्यात टाकलेले क्लोरीन आधी पाण्यातल्या सेंद्रिय घाणीवर, लोहावर आणि जंतूंवर खर्च होते. खर्च होऊन जे उरते ते पुढे वाहिनीत शिरणाऱ्या घाणीशी लढायला उपयोगी पडते. शेवटच्या नळाला क्लोरीन उरलेले दिसले, याचा अर्थ वाटेतली सगळी घाण निपटून वर थोडे औषध शिल्लक राहिले.

हे मोजण्यासाठी ग्रामपंचायतीकडे ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडिन या रसायनाचे, किट असते. नळ दोन मिनिटे मोकळा सोडावा, काचेची नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरावी, किटवर लिहिलेले तेवढे थेंब टाकावेत आणि पिवळा रंग ताबडतोब, दहा सेकंदांच्या आत, रंगपट्टीशी ताडून पाहावा. इथेच बहुतेकांची चूक होते. नळी बाजूला ठेवून चार गप्पा मारल्या की रंग हळूहळू गडद होतो आणि आकडा मोठा वाटू लागतो. उशिरा येणारा हा रंग जखडलेल्या, म्हणजे घाणीशी संयोग झालेल्या, क्लोरीनचा असतो आणि त्याची जंतुनाशक ताकद फार कमी असते. रंगपट्टी पाठीमागून उजेड येईल अशी धरावी, पण थेट उन्हात धरू नये. ओटीचे द्रावण तपकिरी बाटलीत व सावलीत ठेवावे, मुदत संपलेले वापरू नये, आणि ते आरोग्याला घातक असल्यामुळे हाताला लागल्यास धुवावे व चाचणी झालेले पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नये. नव्या संचांत गुलाबी रंग देणारी डीपीडी गोळी किंवा पूड असते; ती मिळाल्यास जरूर वापरावी, कारण ती अधिक विश्वासार्ह आहे.

ही चाचणी प्रयोगशाळेत करता येत नाही. बाटलीत भरून कोल्हापूरला पाठवलेल्या पाण्यातले क्लोरीन वाटेतच उडून जाते, तेव्हा आकडा नळापाशीच घ्यावा लागतो.

चाचणी कोणी करायची, यावर बऱ्याच गावांत घोडे अडते. जलसुरक्षक हा नेमलेला माणूस असतो, पण बहुतेक गावांत औषध टाकणारा आणि आकडा लिहिणारा तोच असतो, आणि स्वतःच्या कामाला स्वतः गुण देण्याची ही पद्धत कोणत्याही प्रामाणिक माणसाला अवघडच जाते. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. औषध जलसुरक्षकाने टाकावे, शेवटच्या नळाचा आकडा या महिलांपैकी एकीने घ्यावा, आणि आठवड्यातून एकदा आशाताईंनी किंवा आरोग्य सेवकांनी अचानक ताडून पाहावा, अशी विभागणी केल्यास वहीतले आकडे खरे राहतात. वहीत तारीख, वेळ, ठिकाण, आकडा आणि सही एवढेच रकाने पुरेत. महिनाभर रोज सगळ्या ठिकाणी नेमके ०.२ लिहिलेली वही दिसली, तर ती एका बैठकीत भरली आहे असे खुशाल समजावे. खरे आकडे खालीवर होतात.

वहीचा आणखी एक उपयोग साथीच्या वेळी कळतो. दूषित पाण्याने होणारे जुलाब एक-दोन दिवसांत दिसतात, पण हेपेटायटिस ई या काविळीची लक्षणे दिसायला दोन ते दहा आठवडे लागू शकतात. आज कावीळ दिसली तर घाण कदाचित गेल्या महिन्यात शिरलेली असते. त्या वेळी कोणत्या गल्लीत किती दिवस क्लोरीन शून्य होते, हे सांगणारा दुसरा साक्षीदार गावात नसतो. गरोदर स्त्रियांना ही कावीळ विशेष धोक्याची असल्याने शून्य आलेल्या गल्लीतल्या गरोदर स्त्रियांपर्यंत पाणी उकळून पिण्याची सूचना त्याच दिवशी पोचवावी.

आकडा कोठे तुटतो ते पाहावे

समजा, टाकीखाली ०.६, देवळाजवळ ०.५, शाळेत ०.४ आणि खालच्या गल्लीच्या टोकाला शून्य आले. टाकीत औषध वाढवणे हा सोपा पण चुकीचा उपाय आहे. शाळा आणि ती गल्ली यांच्या मध्ये काहीतरी आत शिरते आहे किंवा वाहिनीत गाळ साचला आहे, एवढे या आकड्यांनी सांगितले. मधल्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घरात ओटी घेत गेल्यास आकडा जिथे एकदम पडतो तो टप्पा वीस-तीस मीटरपर्यंत हाती लागतो, आणि मग सगळा रस्ता न खणता तेवढाच खणावा लागतो.

दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पाणी सुटल्यानंतर पहिली पाच-दहा मिनिटे शून्य आणि नंतर आकडा चांगला येत असेल, तर पाणी बंद असताना घाण आत ओढली जात आहे, म्हणजे गळती किंवा गटारातून गेलेली नळजोडणी शोधावी. पूर्ण वेळ शून्यच राहत असेल, तर फाट्याच्या टोकाला पाणी साचून राहते आणि गाळ आहे, असे समजून तिथे वॉशआऊट व्हॉल्व्ह बसवावा व आठवड्यातून एकदा तो उघडून फाटा धुवून काढावा.

पाणी तास-दीड तास सुटते आणि उरलेला दिवस वाहिनी रिकामी असते, ही आपल्या गावांची रीत झाली आहे. रिकाम्या वाहिनीत दाब नसतो, आणि बाहेर गटाराचे पाणी उभे असते. त्यात भर म्हणून अनेक घरांनी नळाला थेट मोटर लावलेली असते. मोटर पाणी ओढते तेव्हा शेजारच्या फाट्यात दाब शून्याच्या खाली जातो आणि सांध्यांतून बाहेरचे पाणी शोषले जाते. थेट मोटर लावणाऱ्याच्या घरी पाणी जास्त येते, आणि शेजाऱ्याच्या घरी गटार. हा विषय भावकी आणि राजकारण यांत अडकतो म्हणून कोणी काढत नाही, पण ओटीच्या वहीतले आकडे ग्रामसभेत वाचून दाखवल्यावर तो काढणे सोपे जाते, कारण मग चर्चा माणसावर न होता आकड्यांवर होते. ज्यांना उंचावर पाणी चढवायचे आहे त्यांनी नळाचे पाणी आधी हौदात पडू द्यावे आणि मोटर हौदाला लावावी.

गटारातून गेलेल्या जोडण्यांसाठी खर्च फार नसतो. जोडणी गटाराच्या वरून, अखंड पाईपने आणि बाहेरून मोठ्या पाईपचे आवरण घालून न्यावी. गटारात सांधा येऊ देऊ नये. तोटी नसलेले नळ आणि जमिनीत खड्डा करून त्यात बसवलेले नळ हेही तितकेच वाईट, कारण पाणी गेल्यावर खड्ड्यातले पाणी उलटे आत जाते. पाणी कमी दाबाने येते म्हणून खड्डा खणतात, आणि मग तोच खड्डा सगळ्या गल्लीला बाधतो.

टीसीएल किती टाकावे

हजार लिटर पाण्याला पाच ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, हे प्रमाण आपल्याकडे सर्वांना पाठ असते. सुरुवातीला ते ठीक आहे, पण पावडरीची ताकद आणि पाण्याची घाण या दोन गोष्टी ते गृहीत धरते. ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. पोते उघडे राहिले, ओलीला लागले किंवा पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर तापले की ते झपाट्याने उतरते, आणि २० टक्क्यांखाली गेलेली पावडर वापरण्याजोगी राहत नाही. म्हणून एका वेळी दोन-तीन महिन्यांपुरतीच खरेदी करावी, पावडर प्लॅस्टिकच्या घट्ट झाकणाच्या पिंपात, जमिनीपासून वर आणि लोखंडी वस्तूंपासून दूर ठेवावी, आणि प्रत्येक खेपेचा नमुना क्लोरीनची टक्केवारी पाहण्यासाठी प्रयोगशाळेला द्यावा.

आपल्या पाण्याला नेमके किती औषध लागते, हे चार बादल्यांनी ठरवता येते. पावडर २५ टक्क्यांची आहे असे धरू. ४० ग्रॅम पावडर एक लिटर पाण्यात कालवली की एक टक्क्याचे द्रावण होते, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्लोरीन. विहिरीचे किंवा टाकीत येणारे औषध न घातलेले पाणी चार प्लॅस्टिकच्या बादल्यांत प्रत्येकी २० लिटर घ्यावे. औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या सिरिंजने पहिल्या बादलीत १, दुसरीत २, तिसरीत ३ आणि चौथीत ४ मिलिलिटर द्रावण घालून ढवळावे. आता बादल्यांत अनुक्रमे ०.५, १, १.५ आणि २ मिलिग्रॅम प्रति लिटर इतकी मात्रा झाली. झाकून अर्धा तास ठेवावे आणि प्रत्येकीची ओटी घ्यावी. समजा, पहिल्या दोन बादल्यांत रंगच आला नाही, तिसरीत ०.५ आले आणि चौथीत १. याचा अर्थ हे पाणी स्वतःच दर लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकते, आणि आपल्याला १.५ ची मात्रा हवी.

टाकी ५०,००० लिटरची असेल तर १.५ मिलिग्रॅमच्या हिशेबाने ७५ ग्रॅम क्लोरीन लागेल, आणि २५ टक्क्यांच्या पावडरीतून ते मिळवायला ३०० ग्रॅम पावडर. तीच ३०० ग्रॅम पावडर उतरून १५ टक्क्यांची झाली असेल, तर पाण्याला ०.९ चीच मात्रा मिळते. पाणी १ मिलिग्रॅम खाते, म्हणून शिल्लक शून्य. वहीत ३०० ग्रॅम टाकल्याची नोंद, जलसुरक्षक प्रामाणिक, आणि तरीही नळाला औषधाचा पत्ता नाही, हे असे घडते. बादल्यांची चाचणी ऋतू बदलताना, म्हणजे पावसाच्या पहिल्या लोंढ्यानंतर, दिवाळीच्या सुमारास आणि उन्हाळ्यात, तसेच पावडरीची नवी खेप उघडताना करावी.

पावडर कोरडी कधीही टाकीत टाकू नये. प्लॅस्टिकच्या बादलीत थोड्या पाण्याने तिची लापशी करावी, मग पाणी वाढवून ढवळावे आणि अर्धा तास ठेवावे. चुना खाली बसतो. वरची निवळी टाकीत सोडावी आणि चुन्याचा गाळ बाहेर खड्ड्यात टाकावा. हा गाळ टाकीत गेला तर तळाशी थर धरतो आणि व्हॉल्व्ह बिघडवतो. टाकी साधारण एक तृतीयांश भरली असताना निवळी घातली की वरून पडणाऱ्या पाण्याने ती आपोआप मिसळते. टाकी भरल्यानंतर अर्धा तास तरी पाणी सोडू नये. दिवसातून टाकी दोनदा भरत असेल तर औषधही दोनदा. माणशी ५५ लिटरच्या हिशेबाने १,५०० वस्तीच्या गावाला रोज ८२,५०० लिटर पाणी लागते, तेव्हा ५०,००० लिटरची टाकी दोनदा भरावीच लागते, आणि दुसऱ्या खेपेचे औषध विसरणे ही सर्रास घडणारी गोष्ट आहे. शक्य असल्यास थेंबथेंब द्रावण सोडणारा डोसिंग पंप विहिरीतून टाकीकडे चढणाऱ्या वाहिनीवर बसवावा. मात्र पंप बसवला म्हणून ओटी बंद करू नये. पंपाच्या नळीत चुना अडकतो.

पावडर हाताळताना नाकातोंडावर कापड, हातमोजे आणि चष्मा असावा, आणि ती संडास धुण्याच्या ॲसिडच्या जवळपासही ठेवू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

पाण्याला औषधाचा वास येतो, ही तक्रार दुसऱ्या दिवसापासून येणारच. अर्धा-एक मिलिग्रॅम क्लोरीन शरीराला अपायकारक नाही. पिण्याचे पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात फडक्याने झाकून काही तास ठेवले की वास जातो. तक्रारींना कंटाळून औषध कमी करणाऱ्या जलसुरक्षकापेक्षा ग्रामस्थांना हे चार वाक्यांत समजावणारा सरपंच गावाच्या जास्त कामाचा.

टाकी

उंच टाकी वर्षातून किमान दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, धुवावी आणि तारीख टाकीवर रंगाने लिहावी. पाणी काढून तळाचा गाळ वॉशआऊटमधून बाहेर घालवावा, भिंती नव्या ताठ ब्रशने घासाव्यात, आणि मग निर्जंतुकीकरण करावे. त्यासाठी दर लिटरला ५० मिलिग्रॅमच्या हिशेबाने, म्हणजे हजार लिटरला ताज्या ३३ टक्क्यांच्या पावडरीचे १५० ग्रॅम, घालून टाकी बारा तास भरून ठेवणे उत्तम. एवढे पाणी परवडत नसेल तर भिंतींना आणि तळाला तीव्र द्रावणाचा हात मारून अर्ध्या तासाने धुवावे. टाकीत एकट्याने कधीही उतरू नये, झाकणे आधी उघडून हवा खेळू द्यावी, आणि वर दोर धरून एक माणूस थांबलेला असावा. क्लोरीनचा वास कोंडलेल्या बंद हौदात उतरून माणूस बेशुद्ध पडू शकतो.

झाकणाला कुलूप, ओव्हरफ्लो आणि हवेच्या पाईपला बारीक जाळी, या तीन गोष्टी वर चढून डोळ्यांनी पाहाव्यात. जाळी गंजलेली असते आणि कबुतरांची घरटी आत असतात.

शहरालगतच्या उपनगरांतल्या अपार्टमेंटची गोष्ट थोडी वेगळी आहे. काळम्मावाडीच्या थेट पाईपलाईनचे पाणी २०२३ साली कोल्हापुरात पोचले, पण इमारतीत आल्यावर ते ज्या जमिनीखालच्या हौदात पडते, तो कित्येकदा ड्रेनेजच्या चेंबरपासून हाताच्या अंतरावर असतो, आणि टंचाईत त्याच हौदात बोअरचे पाणी मिसळले जाते. अशा सोसायटीने पाणी आत येते तिथे आणि गच्चीवरच्या टाकीखाली, अशा दोन ठिकाणी ओटी घ्यावी. पहिल्या ठिकाणी रंग येतो आणि दुसऱ्या ठिकाणी येत नाही, तर दोष इमारतीत आहे.

उगम

विहिरीला जमिनीपासून वर कठडा, भोवती सिमेंटचा उतार, वर जाळी आणि पंधरा मीटरच्या आत शौचालयाचा शोषखड्डा, उकिरडा किंवा गोठा नसणे, एवढे हवेच. नदीवरच्या जॅकवेलची अडचण ऋतूंबरोबर फिरते. हिवाळ्यात बंधाऱ्याला बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) घातले की पाणी तुंबते, आणि वरून येणारे सांडपाणी त्यात साचत उन्हाळ्यापर्यंत पाण्याला हिरवट रंग व वास येतो. अशा पाण्याची क्लोरीनची भूक मोठी असते. पावसाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर बंधाऱ्यात साचलेले सगळे खाली येते, आणि ते चार-आठ दिवस वर्षातले सर्वांत वाईट असतात. बरगे कधी काढणार, हे पाटबंधारे खात्याकडून विचारून ठेवले तर त्या आधी टाकी भरून घेता येते.

गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही, कारण जंतू मातीच्या कणांआड राहतात. आधी तुरटी, मग निवळणे, शक्य तिथे वाळूची गाळणी, आणि शेवटी क्लोरीन, हा क्रम मोडू नये. गढूळपणा मानकानुसार १ एनटीयूपर्यंत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ५ पर्यंत चालतो. काचेच्या पेल्यातून वर्तमानपत्रातली बारीक अक्षरे धूसर दिसू लागली तर पाणी या मर्यादेच्या खूप बाहेर आहे.

शिरोळ, हातकणंगले या ऊसपट्ट्यातल्या गावांनी विहिरी आणि बोअरच्या पाण्यातील नायट्रेटकडे विशेष लक्ष द्यावे. शेतात जास्त पडलेले नत्रखत पाटपाण्याबरोबर झिरपून भूजलात जाते. नायट्रेटची मर्यादा दर लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तिला सूट नाही. सहा महिन्यांखालच्या, बाटलीचे दूध पिणाऱ्या बाळांना ते घातक आहे. क्लोरीनने ते जात नाही, आणि उकळल्याने पाणी आटून त्याचे प्रमाण उलट वाढते. यावर गावपातळीचा खरा उपाय म्हणजे दुसरा स्रोत, किंवा चांगल्या स्रोताचे पाणी मिसळणे.

प्रयोगशाळेचा नमुना आणि अहवाल

प्रत्येक स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जैविक तपासणी दोनदा, पावसाळ्याच्या आधी व नंतर, व्हायला हवी. सोबत नकाशावरच्या शेवटच्या नळाचाही जैविक नमुना द्यावा. रासायनिक नमुन्यासाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी. जैविक नमुन्याची बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी आणि ती मुळीच विसळू नये. तिच्यात क्लोरीन निष्प्रभ करणारे रसायन घातलेले असते. तोटी स्पिरिटच्या बोळ्याने पुसावी, धातूची असेल तर ज्योतीने शेकावी, दोन-तीन मिनिटे पाणी सोडावे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता, वर थोडी जागा ठेवून बाटली भरावी. बर्फाच्या डब्यातून ती त्याच दिवशी पोचवावी. शनिवारी दुपारी नमुना काढण्यात अर्थ नाही, कारण तो सोमवारपर्यंत कोणाच्या तरी टेबलावर पडून राहतो.

अहवाल आल्यावर पहिली नजर ई. कोलाय या जंतूच्या ओळीवर टाकावी. १०० मिलिलिटरमध्ये तो एकही आढळता कामा नये. आढळला तर मलमूत्र पाण्यात मिसळले आहे, दुसरा अर्थ नाही. मग नायट्रेट, फ्लोराइड (दर लिटरला १ मिलिग्रॅम, कमाल १.५) आणि पीएच (६.५ ते ८.५) पाहावे. टीडीएस (विरघळलेले क्षार) दर लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि कठीणपणा २०० या इष्ट मर्यादा आहेत. दुसरा स्रोत नसेल तेव्हा त्या अनुक्रमे २,००० आणि ६०० पर्यंत चालतात. कठीण पाण्याने डाळ शिजत नाही आणि गिझर खराब होतो, पण त्याने साथ येत नाही. अहवाल योग्य-अयोग्य या एका शब्दावर न थांबता पूर्ण वाचावा, आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी. स्वच्छता सर्वेक्षणात गावाला मिळालेले लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड व्यवस्थेतली जोखीम दाखवते. हिरवे कार्ड म्हणजे आजच्या पाण्याचा दाखला नव्हे.

आरओ, जार आणि टीडीएस मीटर

दारावर येणारा विक्रेता पाण्यात दोन दांड्या बुडवून ते तपकिरी करून दाखवतो. तो रंग लोखंडी दांडी विरघळल्याचा असतो. क्षार असलेल्या कोणत्याही चांगल्या पाण्यात तो येतो. टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार मोजतो, जंतू मोजत नाही. काविळीच्या विषाणूंनी भरलेल्या पाण्याचा टीडीएस १०० असू शकतो आणि शिरोळकडच्या एखाद्या निर्जंतुक बोअरचा ९००.

आरओ यंत्र नायट्रेट आणि क्षार कमी करते, हे खरे. पण ते आणि त्यातला कोळसा क्लोरीनही काढून टाकतात, म्हणून त्यानंतरचे पाणी निराधार होते. गावातल्या आरओ केंद्रावरून वीस लिटरचा जार आणला, तो आतून कधी घासला नसेल आणि त्यातले पाणी तीन दिवस ठेवले असेल, तर नळाच्या क्लोरीनयुक्त पाण्यापेक्षा ते वाईट असण्याचीच शक्यता अधिक. जार आठवड्यातून एकदा टीसीएलच्या सौम्य निवळीने धुवावा आणि पाणी दोन दिवसांत संपवावे. जंतूंची शंका असेल तेव्हा घरातला सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे खळखळून एक मिनिट उकळणे.

पूर ओसरल्यावर

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. नदीकाठच्या गावांनी इशाऱ्याचा आकडा कानावर येताच टाकी भरून घ्यावी, जॅकवेलची मोटर काढण्याची तयारी करावी आणि पुरेशी टीसीएल उंच जागी हलवावी. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत पाण्याच्या योजनाच पाण्याखाली गेल्या होत्या.

पाणी उतरल्यावर घाईने मोटर सुरू करण्याचा मोह होतो. बुडालेली विहीर आधी उपसून गाळ काढावा. पुन्हा भरल्यावर तिच्यातले पाणी मोजावे : व्यास चार मीटर आणि पाणी तीन मीटर असेल, तर ३.१४ गुणिले १६ गुणिले ३ भागिले ४, म्हणजे सुमारे ३७.७ घनमीटर, अर्थात ३७,७०० लिटर. ५० मिलिग्रॅमच्या मात्रेने त्याला ताजी पावडर साडेपाच ते पावणेसहा किलो लागते. निवळी सगळीकडे फिरेल अशी ओतून रात्रभर ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी वास जाईपर्यंत पाणी उपसून टाकावे. हे पाणी ओढ्यात किंवा नदीत सोडू नये, मासे मरतात.

त्यानंतर टाकी धुवावी आणि मग वाहिनी. टाकीत तेवढ्याच मात्रेचे द्रावण भरून ते प्रत्येक फाट्याच्या शेवटच्या नळाला उग्र वास येईपर्यंत सोडावे आणि व्हॉल्व्ह बंद करून बारा तास तसेच ठेवावे. त्या रात्री नळ उघडू नयेत, अशी दवंडी आधी द्यावी, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या सूचनेवर विसंबू नये. सकाळी सगळे वॉशआऊट उघडून वाहिनी धुवावी. पुढच्या दोन खेपांचे पाणी फक्त धुण्याभांड्यांसाठी वापरावे, आणि नकाशावरच्या पाचही ठिकाणी ओटीत ०.५ दिसून जैविक अहवाल निर्दोष येईपर्यंत पिण्यासाठी टँकरचे किंवा उकळलेले पाणीच द्यावे. टँकर आला की चालकाला थांबवून त्याच्याही तोटीखाली ओटीची नळी धरावी.